बेवारस देहांची जत्रा

२००७ च्या उन्हाळ्यात आम्ही उभयता चिरंजीवांकडे अमेरिकेत मुक्कामाला होतो. एका रविवारी सर्वांनी मिळून एका प्रदर्शनाला जायचे ठरले. शहरातील एका व्यापारी संकुलाच्या वरच्या मजल्यावर ते भरले होते. माणशी वीस डॉलरहून अधिक तिकीट, बाहेर लांब रांग, आत मंद प्रकाश आणि मंद संगीत. दहा वर्षांचा नातू माझे बोट धरून चालत होता. पहिल्याच दालनात एक मनुष्य चेंडू फेकण्याच्या आवेशात उभा होता. त्याच्या अंगावर त्वचा नव्हती. लालसर स्नायू, पांढरे स्नायुबंध, उघडे पडलेले दात आणि काचेचे डोळे. पुतळा नव्हे, प्रतिकृतीही नव्हे. कधी काळी श्वास घेतलेला, जेवलेला, कोणाला तरी हाक मारलेला खराखुरा माणूस. पुढे एक धावपटू, मग टेबलाशी विचारमग्न बसलेला एकजण, मग उभा चिरून दोन भागांत मांडलेला आणखी एक. एका पडद्याआड काचेच्या पेट्यांत क्रमाने लावलेले गर्भ. आणि बाहेर पडण्याच्या वाटेवर, अर्थातच, दुकान! हाडांचे चित्र असलेले कप, सदरे, किल्ल्यांच्या साखळ्या.

त्या चेंडूवाल्याशेजारच्या फलकावर प्रत्येक स्नायूचे लॅटिन नाव होते. नातवाने तो फलक वरपासून खालपर्यंत वाचला आणि विचारले, "आजोबा, सगळ्याची नावं लिहिली आहेत. पण ह्याचं स्वतःचं नाव काय होतं?"

माझ्यापाशी उत्तर नव्हते. पांढरा अंगरखा घालून उभ्या असलेल्या मार्गदर्शक तरुणीला मी तोच प्रश्न विचारला. ती हसून म्हणाली की, व्यक्तींची ओळख गोपनीय असते; सर्व देह कायदेशीर मार्गाने आलेले आहेत. कोठून, असे विचारल्यावर एकच शब्द मिळाला, चीन. सौ. तेव्हाच बाहेर जाऊन बसली. परतताना मोटारीत कोणी फारसे बोलले नाही. घरी आल्यावर सौ.ने आधी स्नान केले. सुनेला ते जुन्या वळणाचे वाटले असावे. मला मात्र त्या दिवशी त्या चकचकीत संकुलात सुसंस्कृत अशी तेवढी एकच कृती घडल्यासारखे वाटले. निदान एकीने तरी मान्य केले होते की, आपण मृत माणसांच्या सान्निध्यातून आलो आहोत.

नातवाचा प्रश्न मात्र मनातून गेला नाही. त्याचा पाठपुरावा करताना जे हाती लागले, ते आपल्या वाचकांपुढे ठेवणे अगत्याचे वाटते. कारण विषय दूरदेशीचा असला, तरी त्याची मुळे आपल्याही अंगणापर्यंत आलेली आहेत.

तंत्र कौतुकास्पद, पण...

ज्या तंत्रामुळे ही प्रदर्शने शक्य झाली, ते जर्मनीतील हायडेलबर्ग विद्यापीठात गुंथर फॉन हागेन्स या शरीररचनाशास्त्रज्ञाने १९७७ साली शोधले. त्याला प्लास्टिनेशन म्हणतात. प्रथम फॉर्मालिनने देहाचा कुजण्याचा क्रम थांबवायचा, मग अतिशीत ॲसिटोनमध्ये बुडवून त्यातील पाणी व चरबी काढून टाकायची, नंतर निर्वात पेटीत ते ॲसिटोन उकळून बाहेर पडू लागले की त्याच्या जागी सिलिकॉनसारखे द्रव प्लास्टिक पेशीपेशींत ओढले जाते. मग देह हव्या त्या आविर्भावात बसवून वायू, उष्णता वा प्रकाशाने ते घट्ट करायचे. एका पूर्ण देहाला सुमारे दीड हजार तासांचे काम लागते. जे हाती उरते त्याला दुर्गंध नाही, ते कुजत नाही, हाताळता येते. वैद्यकीय शिक्षणासाठी हा मोठाच लाभ आहे, हे निःसंकोच मान्य केले पाहिजे. विज्ञानाला नावे ठेवण्यासाठी हा लेख नाही.

प्रश्न सुरू झाला तो हे तंत्र प्रयोगशाळेतून तिकीटखिडकीवर आले तेव्हा. १९९५ साली टोकियोत पहिले प्रदर्शन भरले. १९९७-९८ मध्ये जर्मनीतील मानहाइम येथे लाखोंच्या संख्येने लोक लोटले. 'बॉडी वर्ल्ड्स' नावाने ते जगभर फिरले आणि आजवर पाच कोटींहून अधिक लोकांनी ते पाहिल्याचे आयोजक अभिमानाने सांगतात. बुद्धिबळ खेळणारा मृतदेह, स्वतःची सोललेली कातडी हातात धरून उभा असलेला मृतदेह, उधळलेल्या घोड्यावरचा स्वार, उदरात आठ महिन्यांचा गर्भ असलेली पहुडलेली स्त्री! २००२ साली लंडनमध्ये फॉन हागेन्सने तिकीट लावून जाहीर शवविच्छेदन केले आणि ते दूरचित्रवाणीवर दाखवले गेले. २००६ सालच्या जेम्स बाँडच्या चित्रपटात पत्ते खेळणारे मृतदेह पार्श्वभूमीला सजावट म्हणून वापरले गेले. २००९ साली बर्लिनमध्ये समागमाच्या अवस्थेतील युगुल मांडले गेले. शिक्षणाच्या नावाने निघालेली गाडी कोणत्या स्थानकावर पोहोचली, हे सांगायला आणखी शब्दांची गरज नाही.

देह आले कोठून?

येथे एक भेद प्रामाणिकपणे केला पाहिजे. फॉन हागेन्सच्या संस्थेकडे देहदात्यांची नोंदवही आहे. हजारो लोकांनी, त्यांत बहुसंख्य जर्मन, आपल्या हयातीत लेखी संमती देऊन देह दिले आहेत. तरीही त्याने १९९९ साली चीनमधील डालियान शहरात आपला कारखाना काढला, आणि जानेवारी २००४ मध्ये 'डेर श्पीगेल' या जर्मन साप्ताहिकाने तेथील देहांविषयी गंभीर प्रश्न उपस्थित केले. मृत्युदंड दिलेल्या कैद्यांचे देह आपण वापरल्याचा आरोप फॉन हागेन्सने फेटाळला; पण देहदंडाच्या खुणा दिसल्यामुळे सात देह आपण चीनला परत केले, हेही त्यालाच सांगावे लागले. जो स्वतः दात्यांची वही दाखवतो, त्याच्याही दाराशी असे देह येऊन पोहोचत असतील, तर ज्यांच्याकडे वहीच नाही त्यांचे काय?

ज्यांच्याकडे वहीच नाही असे व्यापारी लवकरच उभे राहिले. फॉन हागेन्सचाच डालियानमधील एक जुना सहकारी प्रतिस्पर्धी झाला आणि त्याच्याकडून मिळालेले देह घेऊन एका अमेरिकन कंपनीने 'बॉडीज : द एक्झिबिशन' हे प्रदर्शन २००५ साली फ्लॉरिडातील टॅम्पा येथे उघडले. ही कंपनी कोणती? 'प्रीमिअर एक्झिबिशन्स', म्हणजे बुडालेल्या टायटॅनिक जहाजातून वर काढलेल्या वस्तूंची प्रदर्शने भरवणारी. समुद्रतळावरच्या ताटवाट्या दाखवून झाल्या, आता माणसे! फ्लॉरिडा राज्याच्या शरीररचना मंडळाने संमतीची कागदपत्रे मागितली आणि आक्षेप घेतला; प्रदर्शन तरीही उघडले, तेही ठरलेल्या दिवसाच्या आधी. पुढे ते न्यूयॉर्कला गेले आणि मग लास व्हेगासच्या जुगारासाठी प्रसिद्ध असलेल्या हॉटेलांत वर्षानुवर्षे ठाण मांडून बसले. एका मजल्यावर फासे, दुसऱ्या मजल्यावर मृतदेह.

२००८ च्या प्रारंभी एका अमेरिकन दूरचित्रवाहिनीने या देहांच्या मागचा काळा बाजार उजेडात आणला आणि न्यूयॉर्क राज्याचे तत्कालीन ॲटर्नी जनरल अँड्र्यू कुओमो यांनी चौकशी केली. मे २००८ मध्ये तडजोड झाली. तिच्यानुसार कंपनीला प्रदर्शनाच्या दारात फलक लावणे भाग पडले. हे देह चिनी पोलिसांकडून आलेले आहेत, पोलिसांकडे तुरुंगांतूनही देह येतात, आणि आपण पाहात असलेला देह चिनी तुरुंगातील कैद्याचा नाही याची खातरजमा कंपनी करू शकत नाही, असा त्या फलकाचा आशय होता. आधी येऊन गेलेल्या प्रेक्षकांना पैसे परत मागण्याची मुभा मिळाली.

हा आशय पुन्हा एकदा सावकाश वाचावा. तिकीट विकणारा स्वतः लिहून देतो की, आपण दाखवत असलेला माणूस कोणी मारलेला आहे की नाही हे आपल्याला माहीत नाही. आणि रांग तरीही मोडत नाही!

चीनमध्ये 'बेवारस' या शब्दाचा अर्थ काय होतो, हे समजून घेतले पाहिजे. जेथे एकाच पक्षाची सत्ता आहे, जेथे न्यायालय त्या पक्षाच्या अंकित आहे आणि जेथे दरवर्षी किती जणांना देहदंड दिला जातो हा आकडाच राज्याचे गुपित मानला जातो, तेथे पोलिसांच्या कोठडीत मेलेल्या माणसाचा वारस पुढे येणार कसा? फालुन गोंग या संप्रदायाच्या साधकांवर १९९९ पासून जो वरवंटा फिरवला गेला, त्यात कित्येकांनी आपल्या घरच्यांना त्रास होऊ नये म्हणून पोलिसांना स्वतःचे नावच सांगितले नाही. असा माणूस मेला तर तो बेवारस नव्हे, त्याला बेवारस केले गेले आहे. ज्येष्ठ ब्रिटिश विधिज्ञ जेफ्री नाइस यांच्या अध्यक्षतेखालील स्वतंत्र लोकन्यायाधिकरणाने २०१९ साली असा निष्कर्ष काढला की, चीनमध्ये कैद्यांचे अवयव बळजबरीने काढण्याचे प्रकार वर्षानुवर्षे आणि मोठ्या प्रमाणावर घडले. चीन सरकार हे आरोप नाकारते. पण ज्या व्यवस्थेविषयी असा निष्कर्ष निघतो, तिच्या पोलिसांचा शिक्का हा संमतीचा पुरावा कसा मानायचा? सज्जन घरातील माणूस चोरबाजारातून दागिना विकत घेताना दहा वेळा विचार करतो. येथे तर दागिना नाही, माणूस आहे.

'शिक्षणासाठी' हा बचाव

या प्रदर्शनांचे समर्थक सुशिक्षित असतात आणि त्यांचे युक्तिवाद ऐकायला बरे वाटतात. पहिला युक्तिवाद शिक्षणाचा. काळवंडलेले फुप्फुस पाहून कित्येकांनी सिगारेट सोडली, असे सांगितले जाते. सोडली असेल, चांगलेच झाले. परंतु काळवंडलेले फुप्फुस दाखवण्यासाठी मृत माणसाच्या हाती चेंडू द्यावा लागतो काय? हृदयाचे कप्पे समजावण्यासाठी त्या हृदयाच्या मालकाला घोड्यावर बसवावे लागते काय? शिक्षणाला अवयव पुरतो. चेंडू, घोडा आणि पत्ते लागतात ते करमणुकीला. आणि करमणूक तिकिटासाठी लागते.

दुसरा युक्तिवाद असा की, मेलेल्याला काही कळत नाही, मग अपमान कोणाचा? या तर्काने निघालो तर मृत्युपत्रांनाही अर्थ उरणार नाही. मेलेल्याला कळत नसताना त्याचे घर त्याच्या इच्छेप्रमाणेच का वाटायचे? हुतात्म्यांच्या समाधीपुढे मस्तक का लववायचे? जिवंत माणसाला दिलेला शब्द त्याच्या मृत्यूनंतर पाळणे हीच संस्कृतीची पहिली पायरी आहे. आणि ज्याला आपण बोलायची संधीच दिली नाही, त्याच्या मौनाला संमती समजणे हा असंस्कृतपणाचा कळस आहे. काचेच्या पेटीतील त्या गर्भांनी कोणत्या कागदावर सही केली होती?

तिसरा युक्तिवाद खास आपल्यासाठी राखून ठेवलेला असतो. 'तुम्ही हिंदू तर देहाला जुने वस्त्र मानता. आत्मा गेला की मागे उरते ते कलेवर. मग तुम्हालाच एवढे वाईट का वाटावे?' हा प्रश्न विचारणाऱ्याने गीतेतील ती उपमा अर्धीच समजून घेतलेली असते. वस्त्र टाकण्याचा अधिकार ते नेसणाऱ्याचा असतो. दुसऱ्याने ते ओरबाडून चव्हाट्यावर टांगले, तर त्याला वैराग्य म्हणत नाहीत. त्याला वस्त्रहरण म्हणतात, आणि त्याचा परिणाम काय झाला ते महाभारताने सांगितले आहे.

देवांनाही मागावे लागले

आपल्या परंपरेची भूमिका देहाविषयी भाबडी नाही आणि विज्ञानविरोधी तर मुळीच नाही. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात पाचव्या अध्यायात शवाचा अभ्यास कसा करावा याचा तपशीलवार विधी आहे. सर्व अवयव शाबूत असलेला, विषाने वा दीर्घ आजाराने न मेलेला, अतिवृद्ध नसलेला देह घ्यावा. आतडी स्वच्छ करून तो गवतात गुंडाळावा, पिंजऱ्यात घालून संथ प्रवाहात गुप्त जागी ठेवावा, आणि सात रात्रींनंतर वाळ्याच्या वा बांबूच्या कुंच्याने हळूहळू घासत त्वचेपासून आतपर्यंतचा एकेक भाग डोळ्यांनी पाहावा, असे तेथे सांगितले आहे. 'गुप्त जागी' हे शब्द महत्त्वाचे आहेत. आमच्या आचार्यांनी शव उघडले ते ज्ञानासाठी, जत्रेसाठी नव्हे. १८३६ साली कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात आधुनिक पद्धतीच्या शवविच्छेदनाला ज्यांनी हात घातला ते पंडित मधुसूदन गुप्तही आयुर्वेदाचे आणि संस्कृतचेच पंडित होते.

आणि मग दधीची. वृत्रासुराच्या वधासाठी वज्र हवे, ते ऋषींच्या अस्थींतूनच घडणार, हे कळल्यावर इंद्राने काय केले? तो देवांचा राजा होता. त्याच्यापाशी सैन्य होते, ऐरावत होता, आणि कारण तर साऱ्या विश्वाच्या रक्षणाचे होते. याहून मोठे 'लोककल्याण' कोणते? तरीही तो हात जोडून आश्रमाच्या दारात उभा राहिला. त्याला मागावे लागले. दधीचींनी होकार दिला, स्वतः प्राण सोडले, आणि मगच त्या अस्थींना हात लागला. आपल्या पूर्वजांनी ही कथा सांगताना देवांनाही संमतीच्या पायरीवरून उतरू दिले नाही. आज जे तत्त्व पाश्चात्त्य नीतिशास्त्राने कायद्याच्या भाषेत मांडले, ते आमच्या आजीने आम्हाला गोष्टीतून सांगितले होते.

देहाच्या बाबतीत आदर म्हणजे कर्मकांड, असेही आपण मानलेले नाही. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी आपल्या पार्थिवावर विद्युत्‌दाहिनीत अंत्यसंस्कार व्हावेत, मागे कसलेही अवडंबर नको, असे लिहून ठेवले होते आणि १९६६ साली तसेच झाले. हिंगोली जिल्ह्यातील कडोळीचे सुपुत्र, भारतरत्न नानाजी देशमुख यांनी २७ फेब्रुवारी २०१० रोजी चित्रकूटला देह ठेवला आणि त्यांच्या पूर्वसंकल्पानुसार तो देह दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत विद्यार्थ्यांच्या अभ्यासासाठी पोहोचला. एकाचा अग्नी विजेचा, दुसऱ्याला अग्नीही नाही. दोघांचाही सन्मान पूर्ण झाला, कारण दोघांचीही इच्छा पाळली गेली. नानाजींच्या देहाला कोणी चेंडू दिला नाही.

शेजारच्या बौद्ध परंपरेतले एक उदाहरण तर डोळ्यांत अंजन घालणारे आहे. तैवानमधील ह्वालिएन येथील त्सू ची विद्यापीठात देहदात्याला 'मूक गुरू' म्हणतात. अभ्यास सुरू होण्यापूर्वी विद्यार्थी त्याच्या घरी जातात, त्याची मुलेबाळे भेटतात, त्याचे आयुष्य समजून घेतात. अभ्यास संपला की विच्छेदन केलेला देह पुन्हा शिवून पूर्ववत केला जातो, वस्त्रे घातली जातात आणि विद्यार्थी स्वतः त्याला अखेरचा निरोप देतात. तेथे प्रत्येक गुरूला नाव असते. माझ्या नातवाच्या प्रश्नाचे उत्तर त्या विद्यापीठातील प्रत्येक विद्यार्थ्यापाशी आहे.

काचपेटीचा जुना इतिहास

परक्याचा देह काचेत ठेवण्याची ही खोड आजची नाही. दक्षिण आफ्रिकेतील सारा बार्टमन या खोईखोई स्त्रीला १८१० पासून लंडन आणि पॅरिसमध्ये जिवंतपणी तमाशासारखे फिरवले गेले. १८१५ साली ती मेल्यावर तिचा सांगाडा आणि अवयव पॅरिसच्या संग्रहालयात मांडले गेले, तेही थेट १९७४ सालापर्यंत. २००२ साली ती मायदेशी परतली आणि तिच्यावर अंत्यसंस्कार झाले. चार्ल्स बर्न या आयरिश महाकाय पुरुषाने आपल्याला समुद्रात विसर्जित करावे अशी इच्छा सांगून १७८३ साली प्राण सोडले. त्याचा सांगाडा लंडनच्या हंटेरियन संग्रहालयात दोन शतके उभा होता. तो यापुढे मांडणार नाही, हे ठरायला २०२३ साल उजाडावे लागले.

आणि आपले? १८५७ च्या संग्रामातील आलम बेग या शिपायाला १८५८ साली सियालकोट येथे तोफेच्या तोंडी दिले गेले. त्याची कवटी एका इंग्रज अधिकाऱ्याने विजयचिन्ह म्हणून नेली. १९६३ साली ती इंग्लंडमधील केंट परगण्यातल्या एका दारूच्या गुत्त्यात सापडली. डोळ्याच्या खोबणीत त्याची हकिकत लिहिलेली चिठ्ठी खुपसलेली होती. हे जुने झाले म्हणावे, तर ऑक्टोबर २०२४ मध्ये ऑक्सफर्डशायरच्या एका लिलावगृहाने शिंगे लावलेली नागा माणसाची कवटी विक्रीला काढली. नागालँडमधून संतप्त निषेध झाला तेव्हा ती मागे घेतली गेली. ज्यांचा देह विकला जातो ते नेहमी दुसरे असतात: दरिद्री, पराभूत, परके, कैदी. चिनी कैदी हा त्या मालिकेतला नवा मणी आहे, एवढेच.

पाश्चात्त्य जगातही सद्‌सद्विवेक जागा आहे, हे सांगितले नाही तर अन्याय होईल. फ्रान्सने २००८ साली आपल्या नागरी संहितेत लिहिले की, मानवी देहाविषयीचा आदर मृत्यूबरोबर संपत नाही. त्याच आधारावर पॅरिसच्या न्यायालयाने २००९ साली असे एक प्रदर्शन बंद पाडले आणि २०१० साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. अमेरिकेतील सिॲटल शहराने २०१० साली संमतीच्या पुराव्याविना मानवी देहांच्या व्यापारी प्रदर्शनाला बंदी घातली. ब्रिटनमध्ये परदेशातून आलेल्या देहांना २००४ च्या कायद्यात जी पळवाट होती, ती २०२२ साली बुजवली गेली. म्हणजे हे थांबवता येते. इच्छा हवी.

आरसा आपल्यापुढेही

दुसऱ्याकडे बोट दाखवताना उरलेली बोटे कोणाकडे असतात, हे विसरून चालणार नाही. एकोणिसाव्या शतकापासून जगभरच्या वैद्यकीय महाविद्यालयांना मानवी सांगाडे पुरवणारी सर्वांत मोठी बाजारपेठ कोणती होती? कलकत्ता. इंग्रज गेले तरी हा व्यापार चालूच राहिला. स्मशानांतून, कबरस्तानांतून, नदीच्या पात्रांतून गोळा केलेली गरिबांची हाडे पांढरीशुभ्र करून परदेशी जात होती. केंद्र सरकारने १९८५ साली निर्यातबंदी केली. तरीही २००७ साली पश्चिम बंगालमधील पूर्वस्थली येथे पोलिसांना नदीकाठी हाडांचा कारखानाच सापडला. भारतमातेच्या लेकरांची हाडे विकणारे हात भारतीयच होते. याची लाज आपल्याला वाटली नाही, तर चीनविषयी बोलण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही.

आणि आपल्या महाराष्ट्रात? १९४९ च्या मुंबई शरीररचनाशास्त्र अधिनियमानुसार रुग्णालयांत वा रस्त्यावर मेलेल्या, कोणी न्यायला न आलेल्या माणसांचे देह वैद्यकीय महाविद्यालयांना देता येतात. यात गैर काही नाही. डॉक्टर घडायचे तर देह लागणारच. पण ज्या टेबलावर तुमचा-आमचा मुलगा शिकतो, त्या टेबलावरचा देह बहुधा फलाटावर मेलेल्या कोणा निराधाराचा असावा आणि आमच्या सुस्थित घरांतून मात्र देह येऊ नये, ही कोणती समरसता? आमच्या मुलांच्या विद्येचे मोल आजही तोच दुर्बल मोजणार काय, ज्याला जिवंतपणी आम्ही काहीच दिले नाही? अनेक वैद्यकीय महाविद्यालयांत आता शवविच्छेदनाच्या पहिल्या दिवशी विद्यार्थी मृतदेहाच्या आदराची शपथ घेतात, ही समाधानाची गोष्ट आहे. शपथ विद्यार्थ्यांनी घेतली. समाजाने कधी घ्यायची?

करण्यासारखे

निषेधाचे ठराव करून घरी जाण्याची आपली रीत नाही. तीन गोष्टी आपल्या हातात आहेत.

पहिली, कायद्याची. संविधानाच्या एकविसाव्या अनुच्छेदातील प्रतिष्ठेचा हक्क मृतदेहालाही लागू होतो हे सर्वोच्च न्यायालयाने मानले आहे, आणि बेघर बेवारसांनाही सन्मानाने अंत्यसंस्कार मिळाला पाहिजे हे २००२ साली आश्रय अधिकार अभियानाच्या प्रकरणात स्पष्ट झाले आहे. याच धाग्याने पुढे जाऊन मृत व्यक्तीच्या स्वतःच्या लेखी संमतीवाचून कोणताही मानवी देह वा अवयव तिकीट लावून मांडता येणार नाही, तो देशी असो वा परदेशातून आलेला, असा निःसंदिग्ध नियम भारतात हवा. आपल्या लोकप्रतिनिधींकडे तशी मागणी करणे हे प्रत्येक शाखेच्या, प्रत्येक मंडळाच्या आवाक्यातले काम आहे.

दुसरी, परदेशी राहणाऱ्या आपल्या मुलांची. सुटीत नातवंडांना अशा प्रदर्शनाला नेण्यापूर्वी एकच प्रश्न विचारा: यातील प्रत्येकाची संमती दाखवता येईल काय? उत्तर चाचरत आले, तर तिकिटाचे पैसे खिशात ठेवा. बाजाराला उपदेश कळत नाही, रिकामी रांग कळते.

तिसरी गोष्ट सर्वांत अवघड, कारण ती स्वतःपासून सुरू होते. देहदानाचा संकल्प करा, घरातील सर्वांना सांगा, कागद कोठे ठेवला आहे ते दाखवा. दिलेला देह जितका वाढेल, तितका उचललेल्या देहाचा आधार कमी होईल. डालियानच्या कारखान्याला आणि पूर्वस्थलीच्या नदीकाठाला खरे उत्तर तेच आहे.

त्या उन्हाळ्यातून परतल्यावर पहिल्याच सर्वपित्रीला तर्पण करताना, ज्यांचे कोणी नाही अशांसाठी आपण जी ओंजळ सोडतो, तेथे माझा हात थबकला. ही ओंजळ मी वर्षानुवर्षे सोडत आलो होतो, पण तिच्यापलीकडे कोणी चेहरा कधी दिसला नव्हता. त्या वर्षी दिसला. हाती चेंडू, काचेचे डोळे, आणि फलकावर सगळी नावे असूनही नाव नसलेला. त्याच आठवड्यात आम्ही उभयतांनी देहदानाचे अर्ज भरले. नातवाला दूरध्वनीवर कळवले तेव्हा त्याने क्षणभर थांबून विचारले, "आजोबा, तिथे तुमचं नाव लिहितील ना?"

लिहितील, असे मी त्याला सांगितले. एवढे ठामपणे सांगता येणे, हा त्या चेंडूवाल्याला न मिळालेला आणि प्रत्येक मनुष्याला मिळायलाच हवा असा अधिकार आहे.